खोट्या गावातली वाट

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आमच्या अब्बांना शेवटपर्यंत कळलं नाही. जळगाव जामोदला आमचं कापडाचं दुकान. सणाला घरी गेलो की गल्ल्यावर बसल्या बसल्या ते विचारायचे, "करता क्या तू, नक्की?" मी सांगायचो, गावोगाव सभा घेतो, लोकांना बोलतं करतो, मग ते मिळून निर्णय घेतात. ते म्हणायचे, "लोगां तो वैसेच बोलते. दुकान पे बैठ के देख, चुपच नहीं होते." यावर माझ्याकडे उत्तर नसायचं. अम्मी चहा घेऊन यायची आणि विषय तिथेच मिटायचा.

आता निवृत्त झालो, तेव्हा कुठे उत्तर सुचलं आहे. अब्बा, लोक दुकानात बोलतात, बसमध्ये बोलतात, नळावर बोलतात. फक्त जिथे त्यांचं काही ठरायचं असतं तिथे बोलत नाहीत. माझं सगळं कामाचं आयुष्य त्या एका जागेवर खर्ची पडलं.

ज्यांनी गावातली सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकलेली असते. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना खुर्च्या. सतरंजीवर पुढे, खांबाला टेकून गावातली वजनदार माणसं. तरुण पोरं मागे, भिंतीला एक पाय लावून उभी. बाया पार दुसऱ्या टोकाला, आणि दलित वस्तीतल्या बाया त्यांच्याही पलीकडे, बहुधा पायरीवर. कुणी कुठे बसायचं हे कुणी सांगत नाही आणि कुणाचं चुकतही नाही. विषय वाचला जातो. खांबाजवळचा एखादा म्हातारा खाकरतो, दोन वाक्यं बोलतो. बाकीचे म्हणतात, "बराबर हाये." मग 'एकमताने ठरले' असं लिहून चहा येतो. माझ्या हाताखालून असे पुष्कळ ठराव गेले. आज 'एकमत' हा शब्द कुठे वाचला तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या संस्थेत निनाद नावाचा इंजिनीअर आला. पुण्याचा, हुशार, बोलणं अगदी छापल्यासारखं. त्याने संगणकावर एक जग तयार केलं होतं. मोकळी जमीन, वर आभाळ. प्रत्येकाने एकेका संगणकापुढे बसायचं, की त्या जमिनीवर त्याच्या नावाचं, म्हणजे खरं तर बिननावाचं, एक बाहुलं उभं राहतं. सगळी बाहुली सारख्या उंचीची, फक्त रंग वेगळे. बाई की माणूस, पाटील की मजूर, काही कळायचं नाही. बाहुलं चालवायचं, घर ठेवायचं, झाड लावायचं, रस्ता ओढायचा, दुसऱ्याने ठेवलेलं नको असेल तर उचलायचं. एकच अट होती, की काम चालू असताना तोंडाने बोलायचं नाही. डोळ्यांवर चढवायचा डबाही आमच्याकडे होता, पण तो लावला की म्हाताऱ्यांना गरगरायचं, म्हणून तो पेटीतच राहिला. निनाद या सगळ्याला आभासी विश्व म्हणायचा. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, खोटं गाव.

त्याचा हेतू साधा होता. माणसाची ओळख काढून घेतली की त्याची भीड जाईल, भीड गेली की डोक्यात दडलेलं बाहेर येईल. मला आधी हे पोरखेळ वाटलं. दुसरबीडकडच्या एका गावात आम्ही ते पहिल्यांदा लावलं, विषय होता बंधारा कुठे घालायचा. त्यात दोन बाहुली बंधारा सोडून थेट एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेली. एकाने तिथे झाड लावलं की दुसरं उपटायचं, पुन्हा लावलं की पुन्हा उपटायचं. सगळं गाव भिंतीवरच्या पडद्यावर बघत होतं. शेवटी एका संगणकामागून आवाज आला, "एवढा आडमुठा माणूस तालुक्यात एकच हाय. माझा भाऊच हाय तो." दोघं कित्येक वर्षं बोलत नव्हते, त्या दिवशी निदान भांडले तरी. बंधाऱ्याचं काही ठरलं नाही. पण ओळख लपवली तरी माणूस लपत नाही, हे मला तिथे कळलं.

जे सांगायला बसलो आहे ते मात्र मोताळा तालुक्यातल्या एका गावाचं. नाव लिहीत नाही, कारण ते गाव आणखी काही वर्षांनी राहणार नाही. धरणाच्या पाण्यात जाणार आहे. वर माळावर नवं गावठाण बसायचं होतं आणि त्याचा आराखडा सरकारी कचेरीतून आला होता. गावाने सभेत तो मान्य करायचा, नाहीतर स्वतःचा सुचवायचा, अशी एक संधी होती.

पहिल्या दिवशी शाळेत संगणक मांडत होतो तेव्हा शोभाताई माझ्याकडे आल्या. शाळेत मुलांची खिचडी त्या शिजवायच्या. राहायला नाल्याकडच्या बौद्ध वस्तीत. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "सर, नव्या गावात आमच्या इकडून बसपर्यंत रस्ता असंन का?"

मी म्हटलं, "असेल की. का?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी प्रज्ञा अकरावीला, रोज बसने मोताळ्याला कॉलेजात जायची. वस्तीतून बसथांब्याकडे जायची वाट नाल्याच्या काठाने, गावाच्या मागून, उकिरड्यांच्या कडेने. पावसाळ्यात नाला भरला की ती वाट बंद. मागच्या पावसाळ्यात पोरीचे इतके दिवस बुडाले की बापाने सांगून टाकलं, पुढच्या वर्षी असंच झालं तर घरी बस, स्थळं पाहतो. "पोरगी हुशार हाये सर," शोभाताई म्हणाल्या. "तिले नर्स व्हायचं हाये. रस्त्यापाई राहून जाईन."

मी जुन्या गावाचा नकाशा काढून पाहिला. वस्तीतून बसथांब्यापर्यंत एक चांगला सिमेंटचा रस्ता होता, सरळ चौकातून जाणारा. मला वाटलं, माझंच काही चुकतं आहे. मी बोट ठेवून दाखवलं. शोभाताईंनी तिकडे पाहिलं, आणि खिचडीकडे निघून गेल्या.

त्या दिवशीचा पहिला खेळ साफ फसला. निनादने लोकांना मोकळा माळ दिला होता. कसंही गाव बसवा, कुठेही घर ठेवा, असं दोनदा समजावलं होतं. बाहुली कामाला लागली. दुपारपर्यंत माळावर जे गाव उभं राहिलं ते जुनंच गाव होतं. तेच शेजार, तोच गल्लीचा मोड, चौकात तोच लिंबाखालचा पार, आणि वस्ती तशीच, सगळ्यात खाली. कचेरीतून आलेला आराखडाही जवळजवळ असाच होता. कुणाला नाव नव्हतं, कुणी कुणाला बघत नव्हतं, तरी प्रत्येकाने आपापली जुनी जागाच धरली. निनाद हिरमुसला. "सर, यांना कल्पनाच करता येत नाहीये," तो म्हणाला. मला त्याचा राग आला.

मग गाव बांधून झाल्यावर लोक हौसेने त्यात फिरू लागले, आणि मी पडद्याकडे बघत उभा होतो. एक लाल बाहुलं वस्तीतून निघालं, रस्त्याने सरळ आलं, चौक दिसताच थबकलं, वळलं, घरांच्या मागून पूर्ण वळसा घालून बसथांब्यावर गेलं. थोड्या वेळाने एका हिरव्याने तेच केलं. मग पिवळ्याने. चौकात कुणी नव्हतं. पार रिकामा होता. मी लाल बाहुल्याचा संगणक शोधला. त्यापुढे शोभाताई होत्या.

मी हळूच विचारलं, "ताई, मधून का नाही गेलात?"

"तिथं बुढे बसते ना."

"पण हे खोटं गाव आहे. पारावर कुणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बसतीनच," त्या म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात हे? पोरी स्कूटी चालवतात, बाया सरपंच होतात. सगळं खरं आहे. या गावात कुणी बाईला चौकातून जायला बंदी केली नव्हती. कुणी कधी अडवलं नव्हतं. पण वडीलधारी माणसं पारावर बसलेली असताना त्यांच्या पुढ्यातून बाईमाणसाने जाऊ नये, हे सासूने सुनेला एकदा सांगितलं की झालं. वरच्या गल्लीतल्या सुना मागून जायच्या, तशा वस्तीतल्या बायाही जायच्या. वस्तीतल्या बायांच्या पायात त्याहून जुनंही काही होतं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. सकाळी बसच्या वेळेला पार भरलेला असायचा. रस्ता होता, पण शोभाताईंना आणि त्यांच्या पोरीला तो नव्हता.

निनादच्या यंत्रात प्रत्येक बाहुल्याची पावलं उमटून राहत. दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमल्यावर आम्ही ती भिंतीवर दाखवली, सगळी एकाच रंगात, म्हणजे कोण कोणाचं ते कळू नये. चौकातून पावलांची एक जाड रेघ गेली होती. आणि चौकाभोवती, घरांच्या मागून, तितकीच जाड दुसरी रेघ होती, गोल.  

एक जण म्हणाला, "कम्प्युटर बिघडलं असंन."

पुढे खांबाजवळ त्र्यंबकआबा बसले होते. गावात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. माणूस वाईट नव्हता, शाळेला जागा त्यांनीच दिलेली. त्यांनी त्या गोल रेघेकडे बोट केलं. मग म्हणाले, "हे कोन कोन हायेत?"

"नावं ठेवत नाही आम्ही, आबा."

"आमच्या घरची बी हाये का याच्यात?"

मी पुन्हा तेच सांगितलं. आबा उठून गेले. सभा तिथेच मोडली, आणि संध्याकाळी निनादने मला विचारलं की आपण सामान आवरायचं का. मीही तसंच समजून चाललो होतो.

सकाळी आबा सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. माझ्या खुर्चीजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "म्हातारीले इचारलं. लगन होऊन आली तवापासून मांगूनच जाते म्हणे. गुडघे गेले तिचे, तरी मांगूनच. मी कदी पाह्यलंच नाई." एवढं बोलून ते एका संगणकापुढे जाऊन बसले आणि उंदीर कसा धरायचा ते निनादला विचारू लागले.

त्या दिवशी जे झालं ते पाहायला अब्बा हवे होते, असं मला फार वाटलं. खोलीत आवाज नव्हता, नुसती बटणांची टकटक. पडद्यावर कुणीतरी चौकातला पार उचलला. दुसऱ्याने तो परत ठेवला. पुन्हा उचलला गेला. मग एका बाहुल्याने तो रस्त्यावरून सरकवून बाजूच्या झाडीत नेला, आणि आणखी कुणीतरी तो फिरवला, असा की बसणाऱ्याचं तोंड शेतांकडे व्हावं, रस्त्याकडे पाठ. नळाजवळ एक छोटा ओटा उभा राहिला, शेजारी दुसरा. ते बायांचे पार होते, हे न सांगता सगळ्यांना कळलं. मग सगळ्यात खाली असलेली वस्ती कुणीतरी घर घर करून उचलली आणि थांब्याच्या बाजूला, उंचावर, रस्त्याला लागून मांडली. मी पाहत होतो, आता ती परत खाली जाईल म्हणून. एक घर गेलंही. थोड्या वेळाने ते परत वर आलं, आणि मग कुणी हात लावला नाही. यातलं कुणी काय केलं ते मला आजही माहीत नाही. निनादला शोधून काढता आलं असतं, पण त्याने शोधलं नाही, त्याबद्दल मला त्याचा आदर आहे.

पण खोट्या गावाला ठराव करता येत नाही. ठराव खऱ्या सभेत, नावानिशी, हात वर करून व्हायचा होता. व्हरांड्यात तीच सतरंजी, तेच खांब, बाया त्याच टोकाला, शोभाताई पायरीवर. सरपंचांनी नवा आराखडा वाचून दाखवला आणि मान्य असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले. एकही हात वर झाला नाही. आदल्या दिवशी ज्यांनी हे गाव रचलं तीच माणसं मान खाली घालून बसली होती. शोभाताईंचे हात मांडीवर घट्ट धरलेले मला दिसत होते. मग खांबाजवळून आबांचा हात वर गेला. आणि मग सगळे हात.

निनाद आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारत होता. मला आनंद झाला नाही असं नाही. पण मनात खुपत राहिलं. इतकं सगळं करून शेवटी हात आबांचाच लागला. आबांनी तो वर केला नसता तर? पेढे वाटले तेव्हा शोभाताई मला म्हणाल्या, "रस्ता झाला सर." मी मान हलवली. नुसत्या कागदावर झालेल्या गोष्टीला त्या 'झाली' म्हणत होत्या.

कागद कचेरीत गेला. विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. मग पुन्हा तेच उत्तर आलं. माळावर अजून एक दगडही हललेला नाही. पावसाळा आला, आणि माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस. त्या गावात काही सह्या घ्यायच्या होत्या म्हणून मी सकाळच्या बसने गेलो. रात्रभर पाऊस झालेला. थांब्यावर उतरलो तर नाल्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. मागची वाट पाण्याखाली होती. मला प्रज्ञाची आठवण झाली. बारावीचं वर्ष होतं तिचं. आजपासून ती घरी बसणार, आणि आपला तो सुंदर आराखडा कुठल्यातरी कपाटात पडलेला, या विचाराने मला तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं.

थांब्यावरून चौक समोर दिसतो. पाऊस उघडला होता आणि पार नेहमीसारखा भरला होता. मध्ये आबा. आणि त्यांच्या पलीकडून, रस्त्याच्या ऐन मधून, दोघी येत होत्या. पुढे शोभाताई, मागे दप्तर छातीशी धरलेली पोरगी. पारावरचं बोलणं थांबलेलं मला लांबूनही कळलं, कारण सगळ्या माना एकदम वळल्या. पोरीची मान खाली होती. शोभाताईंची नव्हती. त्या भराभर चालत नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतो. पारासमोरून त्या आल्या, पार मागे पडला, आणि थांब्यावर माझ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना धाप लागलेली होती.

"नवं गाव कदी होईन थे होईन," त्या म्हणाल्या. "बारावी तं यंदाच हाये."

बस वळून उभी होतीच. प्रज्ञा चढली, खिडकीशी बसली, आईकडे पाहून काही बोलली ते काचेतून ऐकू आलं नाही. बस गेली. आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की शोभाताईंना आता परत जायचं आहे. शाळा चौकाच्या पलीकडे. पोरगी सोबत नाही, बसची घाई नाही, दाखवायला काही कारण नाही. नाला तसाच वाजत होता.

मी म्हटलं, "चला ताई, मी येतो तुमच्यासोबत. मलाही तिकडेच जायचं आहे."

त्यांनी चौकाकडे पाहिलं. "नका येऊ सर," त्या म्हणाल्या. "तुमी संग असले तं थे तुमाले वाट देतीन. मले नाई."

आयुष्यभर सभा घेतल्या, पण इतकं खरं मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी थांब्याच्या ओट्यावर बसलो. शोभाताईंनी पदर खोचला आणि निघाल्या. चौक आला तशी त्यांची चाल जरा मंदावली, मला वाटलं आता वळणार. वळल्या नाहीत. पारावर कुणी बोललं की नाही, मला ऐकू येणं शक्य नव्हतं. आबांनी रस्त्याकडे लांब केलेले पाय जवळ ओढून घेतले, एवढं मला दिसलं. मग त्या दिसेनाशा झाल्या, आणि मी उठून निघालो, एकटाच, त्यांच्या मागून.